पेन्शन अक्कलकोटची, घर भूमध्य समुद्राकाठी?

२०२० च्या रमजानमध्ये टाळेबंदी होती. मशिदी बंद, तरावीह घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या महिन्यात आपल्याकडच्या पुष्कळ मुस्लिम घरांत ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूतून पाहिली गेली. मुलांनी मोबाइलवर लावून दिली आणि आजी-आजोबांनी इफ्तारनंतर डोळे मिटेपर्यंत पाहिली. मालिका संपली, पण तुर्कस्तान मनात राहिला. निळा समुद्र, उंच मिनार, डोक्यावर रुमाल बांधलेल्या बाया, पाचही वेळची अजान. मग कुणाचा मुलगा युरोपात नोकरीला लागला, कुणाची मुलगी-जावई आखातातून पुढे सरकले, आणि फोनवर ते वाक्य येऊ लागलं: “अब्बा, रिटायर झालात ना? आता अक्कलकोटच्या उन्हात कशाला बसता? समुद्राकाठी घर घेऊन राहू या.”

हे वाक्य आता सोलापूर, अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीच्या घरांतही नवं राहिलेलं नाही. आखाताची गोष्ट वेगळी होती. तिथं माणूस कमवायला जायचा आणि म्हातारपणी परत यायचा, कारण तिथला व्हिसा नोकरीला बांधलेला असायचा. कोकणातली आपली माणसं तर त्याही आधी बोटींवर खलाशी म्हणून सुएझ ओलांडून मार्सेलपर्यंत जायची, भूमध्य समुद्र त्यांच्या पायाखालचा. पण म्हातारपण त्यांनी रत्नागिरी-रायगडातच काढलं. आता प्रश्न उलटा आहे. कमाई इथं झाली, म्हातारपण तिथं काढायचं. घरात हा विषय निघाला असेल तर तिकिटाच्या आधी काय काय बघायचं, तेवढंच इथं लिहितो.

पैशांपासूनच सुरुवात करावी लागते. समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. महिन्याला ४५ हजार पेन्शन, अक्कलकोटात स्वतःचं घर, बोरी नदीच्या बाजूला चार एकर कोरडवाहू, तूर आणि ज्वारी निघते तेवढी. आपल्या भागात हे खाऊनपिऊन सुखी घर. आता हेच घर स्पेनच्या दारात उभं करू. काम न करता, स्वतःच्या उत्पन्नावर राहू इच्छिणाऱ्यांसाठी स्पेनचा एक वेगळा निवास-व्हिसा आहे. त्याला एका माणसाचं महिन्याचं उत्पन्न २,४०० युरो दाखवावं लागतं, जोडीदारासाठी आणखी ६०० युरो. युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तर नवरा-बायकोचे महिन्याला तीन लाख रुपये. ग्रीसने तर २०२४ पासून हीच रक्कम एका माणसाला ३,५०० युरो केली. घर विकत घेऊन स्पेनमध्ये राहण्याचा परवाना मिळवायची जी सोय होती, ती एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे मास्तरांची पेन्शन तिथल्या अटीच्या सहाव्या हिश्शालाही पोचत नाही. एजंट सांगतो, “काही तरी करू.” त्या ‘काही तरी’चे पैसे आधी घेतले जातात, हे लक्षात ठेवा.

उरतो पर्यटकाचा व्हिसा. युरोपातल्या शेंगेन देशांत त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तीन महिने तिथं, तीन महिने इथं. वाचायला हे सोपं वाटतं, पण साठीनंतरच्या गुडघ्यांना वर्षातून दोनदा एवढा प्रवास झेपेल का, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

तुर्कस्तानची गोष्ट आपल्या लोकांना जवळची वाटते, म्हणून तिथं जरा थांबू. भूमध्य समुद्रावर अंताल्या आणि मेर्सिन ही मोठी शहरं आहेत, एजियन समुद्रावर इझमिर. अंताल्या परदेशी म्हाताऱ्यांचं जुनं आवडतं ठिकाण. जर्मन, रशियन तिथं कधीपासून राहतात. पण मालिका पाहून जे चित्र मनात बसलं, त्यानंतर तिथं बरंच बदललं आहे. परदेशी लोकांची संख्या फार वाढली म्हणून जुलै २०२२ पासून हजाराहून जास्त मोहल्ल्यांत नव्या परदेशी माणसाची नोंदणीच बंद करण्यात आली. नुसतं भाड्याचं घर घेऊन पर्यटक म्हणून वर्षभर राहण्याचा परवाना पूर्वी सहज मिळायचा, आता नाकारला जाण्याची शक्यता जास्त. घर विकत घेऊन परवाना मागायचा तर ऑक्टोबर २०२३ पासून ते घर किमान दोन लाख डॉलरचं असावं लागतं. आपल्या पैशांत पावणेदोन कोटींच्या वर. अक्कलकोटातलं घर, शेत आणि बायकोचे दागिने विकूनही मास्तरांचा तो आकडा होत नाही. आणि होत असला तरी मी म्हणेन, थांबा.

थांबा म्हणण्याचं एक कारण महागाई. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुर्कस्तानातली सरकारी आकड्यांतली वार्षिक महागाई ८५ टक्क्यांवर गेली होती. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण साडेसात लिरा मिळत, २०२५ मध्ये चाळीसच्या वर मिळू लागले. कुणी म्हणेल, लिरा पडला तर रुपयावाल्याचा फायदाच. थोडे दिवस तसं होतं. मग घरमालक भाडं वाढवतो, पाव, औषध, वीज सगळं वर जातं, आणि आपली पेन्शन मात्र सोलापूरच्या महागाई भत्त्यानं वाढते, अंताल्याच्या नाही.

दुसरं कारण जमिनीखालचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कुणाला सांगायला नको. किल्लारीच्या भूकंपाने अक्कलकोटची माणसंही अंथरुणातून बाहेर पळाली होती. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसं गेली. भूमध्य काठावरच्या हताय प्रांतातलं अंताक्या शहर जवळजवळ झोपलं. इझमिरला ऑक्टोबर २०२० मध्ये भूकंप होऊन शंभरावर लोक दगावले. म्हणून तिथं घर भाड्यानं घेतानासुद्धा इमारत कोणत्या साली बांधली आणि तिची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी झाली आहे का, हे विचारायचं. समुद्र दिसतो का, हे नंतर विचारलं तरी चालेल.

दोन देशांचं आपसात कसं आहे, याचाही परिणाम होतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी तुर्कस्तानने घेतलेल्या भूमिकेमुळे आपल्याकडे तिथल्या सहली धडाधड रद्द झाल्या. चार दिवसांच्या सहलीला हे चालतं. ज्याचा परवाना दर वर्षी नव्यानं मिळायचा आहे, त्याला अशा बातम्या वेगळ्या कानांनी ऐकाव्या लागतात.

आता रोजचं जगणं. आपली दखनी बोलणारी माणसं तुर्कस्तानात अगदीच परकी पडत नाहीत. किताब तिथं ‘किताप’, कलम ‘कलेम’, दुनिया ‘दुन्या’, साबण ‘साबून’, चहा ‘चाय’. ‘मिसाफिर’ मात्र तिथं पाहुण्याला म्हणतात, प्रवाशाला नाही. आपण स्वतःला मुसाफिर म्हणत गेलो तर ते पाहुणा समजून चहा पुढे करतील, त्यात नुकसान काही नाही. पण शब्द ओळखीचे वाटतात म्हणून भाषा येते असं नाही. डॉक्टरसमोर छातीत कसं दुखतंय, जळजळतंय की आवळतंय, हे सांगायला शब्द लागतात. निघण्याआधी सहा महिने रोज अर्धा तास नवरा-बायकोने बसून तेवढी तुर्की, किंवा जिथं जायचं तिथली भाषा, शिकावी. निदान औषधांची यादी तरी मूळ नावांनिशी, म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी आतल्या औषधाच्या नावाने, डॉक्टरकडून टाइप करून घ्यावी. बीपीची जी गोळी इथं ज्या नावानं मिळते, त्या नावानं ती तिथं कुणी ओळखत नाही.

तुर्कस्तान हनफी, त्यामुळे सोलापूरकडच्या बहुतेकांना नमाजमध्ये अडचण नाही. फक्त दिशा बदलते. आयुष्यभर मावळतीकडे तोंड करून मुसल्ला टाकलेला. अंताल्यात किबला दक्षिणेकडे आणि थोडा पूर्वेला कललेला, स्पेनमध्ये तर उगवतीकडे. पहिले काही दिवस हात चुकतोच. दिवसाची लांबीही निराळी. अक्कलकोटला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, अंताल्याला साडेचौदा तासांच्या वर. सध्या रमजान हिवाळ्याकडे सरकतो आहे, त्यामुळे पुढची काही वर्षं तिथले रोजे छोटेच असतील. बिगरमुस्लिम देशांत मशीद शोधावी लागते. स्पेनच्या ग्रनाडात २००३ मध्ये मोठी मशीद उघडली. अथेन्ससारख्या राजधानीत सरकारमान्य मशीद उघडायला नोव्हेंबर २०२० उजाडलं. घर बघताना मशीद पायी किती मिनिटांवर आहे हे मोजा. म्हाताऱ्या माणसाचं सगळं ओळखपाळख तिथंच होणार असतं.

हवेबद्दल एक गैरसमज आहे. भूमध्य काठ म्हणजे बारा महिने ऊन, असं आपण समजतो. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्या अगदी उलट. थंडी काश्मीरसारखी नसते, पण ओली असते. फरशीची घरं गार पडतात आणि संधिवात असलेल्याला ती ओल सोसत नाही. जायचं तर पहिल्यांदा जानेवारीत जाऊन बघावं. मे-जूनमध्ये जाऊन समुद्रावर भाळणं फार सोपं आहे.

या सगळ्या चर्चेत घरातल्या बाईला बहुधा शेवटी विचारतात. मला वाटतं, पहिल्यांदा तिलाच विचारावं. परदेशात नवऱ्याला निदान मशिदीत चार माणसं भेटतात. जिचं सगळं आयुष्य जावा, नणंदा, शेजारीण, हैद्र्याच्या दर्ग्याचा उरूस, गुलबर्ग्याला खाजा बंदेनवाजांची जियारत, लग्नातली दळणकांडणं आणि मय्यतीतली रडारड यांत गेलं, तिला त्या सातव्या मजल्यावर दिवसभर काय? भाकरीला ज्वारीचं पीठ मिळत नाही, शेंगाची चटणी संपली की संपली. आणि एक फार साधी बाब: कुटुंबाचा परवाना पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर असतो, बायकोचा त्याला जोडलेला. उद्या त्यांचा इंतकाल झाला तर तिचा परवाना काय होतो, बँकेतलं खातं तिला चालवता येतं का, फॅमिली पेन्शनचे कागद कुठे आहेत, हे तिला तोंडपाठ हवं. एटीएम, दवाखाना, तिथला पोलीस ठाण्याचा रस्ता, घरमालकाचा फोन, हे सगळं तिनं एकटीनं एकदा करून बघितल्याशिवाय मोठा निर्णय घेऊ नये.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी घरात कुणी बोलत नाही. कब्र कुठे?

भूमध्य काठावर आयुष्याची शेवटची वर्षं घालवलेल्या एका मोठ्या माणसाची गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. मार्च १९२४ मध्ये तुर्की गणराज्याने खिलाफत रद्द केली आणि शेवटचे खलीफा दुसरे अब्दुल मजीद यांना रातोरात कुटुंबासह देशाबाहेर काढलं. आधी स्वित्झर्लंड, मग फ्रान्सचं नीस शहर, निळ्या समुद्रावरचं. हातात पैसा नाही. अशा वेळी हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना महिना ३०० पौंडांची पेन्शन सुरू केली. त्या काळात अक्कलकोट संस्थानाची वेस ओलांडली की निजामाचाच मुलूख सुरू व्हायचा. आळंद, गुलबर्गा, नळदुर्ग, तुळजापूर सगळं तिकडचं. म्हणजे नीसमधला खलीफांचा चहा आपल्या शेजारच्या शेतसाऱ्यावर चालला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

अब्दुल मजीद चित्रकार होते, वाचणारे होते. समुद्राकाठी फिरत, चित्रं काढत त्यांनी दिवस घालवले. नोव्हेंबर १९३१ मध्ये नीसलाच त्यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या शहजाद्याला आणि त्यांच्या नात्यातली निलोफर धाकट्याला दिली. ज्या निलोफर हॉस्पिटलचं नाव आपल्या भागातही माहीत आहे, ती हीच. नीसहून हैदराबादला आलेल्या या दोघींपैकी एकीची कब्र लंडनजवळ आहे, एकीची पॅरिसजवळ.

आणि खलीफांची? ते ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसला वारले. इस्तंबूलला दफन व्हावं अशी कुटुंबाची इच्छा होती, तुर्की सरकारने परवानगी दिली नाही. मय्यत पॅरिसच्या मशिदीत दहा वर्षं ठेवली गेली. अखेर १९५४ मध्ये मदिन्याला जन्नतुल बकीत दफन झालं. इकडे आपल्या खुलताबादला, औलियांच्या त्या जुन्या गावात, निजामाने त्यांच्यासाठी तुर्की पद्धतीचा मकबरा बांधून ठेवला होता. तो अजून उभा आहे, रिकामा. ज्यांना मदिन्याची माती लाभली त्यांच्या नशिबाचा हेवाच वाटावा. पण मधली दहा वर्षं? खलीफा असून, मागे निजाम असून, कागद पुरे व्हायला दहा वर्षं गेली.

आपल्यासारख्यांचं काय होतं, ते देशावर अवलंबून आहे. तुर्कस्तानात हा प्रश्न सर्वांत सोपा. गुसलपासून गाडीपर्यंत सगळं नगरपालिका बघते, कब्रस्तान गावोगाव आहेत, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दफन होतं. स्पेनने १९९२ च्या कायद्याने मुस्लिमांना कब्रस्तानात वेगळी जागा मिळण्याचा हक्क मान्य केला, तरी ती सगळ्याच शहरांत नाही. जिथं राहणार तिथं आहे का, हे आधी विचारून ठेवायचं. ग्रीसमध्ये अडचण मोठी. तिथल्या शहरांत कब्रीची जागा साधारण तीन वर्षांसाठी भाड्याने मिळते, मग हाडं काढून जागा दुसऱ्याला देतात. आपल्याला हे सोसणारं नाही, त्यामुळे अथेन्समधल्या मुस्लिमांना मय्यत उत्तरेला थ्रेसच्या जुन्या कब्रस्तानांपर्यंत न्यावी लागते किंवा मायदेशी पाठवावी लागते.

आणि मायदेशी म्हणजे अक्कलकोटला? शव टिकवण्याची प्रक्रिया, बंद पेटी, मृत्यूचा दाखला, भारतीय दूतावासाचं पत्र, विमान, मग हैदराबाद किंवा मुंबईहून रस्त्याने. पैसे लागतात ते लागतातच, दिवसही जातात. दफन लवकर करावं हा आपला तरीका. म्हणून माझं मत असं की जिथं मौत येईल तिथल्याच मुस्लिम कब्रस्तानात दफन करा, हे आई-वडिलांनी मुलांना आधीच सांगून, लिहून ठेवावं. नाही तर चार भावंडं चार देशांतून फोनवर भांडत बसतात आणि मय्यत शीतगृहात राहते. ज्यांना अब्बा-अम्मीच्या शेजारीच जागा हवी आहे, त्यांनी मुळात जायचं की नाही, याचा विचार करावा. तो विचार कमी दर्जाचा नाही.

वारशाचंही असंच. आपण धरून चालतो की मुस्लिम देशात घर घेतलं म्हणजे तर्का शरियतने वाटला जाईल. तुर्कस्तानात १९२६ पासून नागरी कायदा आहे, तिथल्या घर-जमिनीचा वारसा त्याच कायद्याने ठरतो, मालक परदेशी असला तरी. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत ऑगस्ट २०१५ पासून नियम असा की माणूस जिथं कायम राहत होता तिथला कायदा लागतो. पण त्याने वसीयतनाम्यात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा असं लिहिलं असेल तर तो लागतो. हे एक वाक्य लिहायचं राहिलं तर मुली-मुलांचे हिस्से, बायकोचा आठवा हिस्सा, सगळं तिथल्या पद्धतीने होईल. एक-तृतीयांशाच्या आतली वसीयत करायची असेल तर तीही तिथल्या वकिलाला दाखवून करावी. बायकोची मेहर राहिली असेल तर ती इथंच, आता देऊन टाका.

इकडची कागदपत्रं मुलांवर सोडू नका. पासपोर्टसाठी आता पुण्याला खेटे नाहीत, सोलापुरातच केंद्र आहे. आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि निकाहनाम्यावरचं नाव हे आपल्याकडे तीन वेगवेगळ्या माणसांची असतात. शेख कुठे पुढे, कुठे मागे. बी, बेगम कुठे आहे, कुठे गळालं. ते एक करायलाच वर्ष जातं. नुसत्या निकाहनाम्यावर परदेशी कचेरी समाधान मानत नाही, विवाहाची सरकारी नोंदणी लागते आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का.

परदेशात कायम राहायला गेलं की बँकेतलं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलावं लागतं. पेन्शन त्यात येऊ शकते. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला द्यायचाच, तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, दूतावासातूनही. निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वर गेलं की इतर कारणांसाठी बँक २० टक्के कर आधी कापून घेते, जो विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा वळता होतो. शेत विकायची घाई करू नका. अनिवासी भारतीयाला आधीची शेतजमीन ठेवता येते, पण एकदा विकली तर नवी घेता येत नाही. मास्तरांचे ते चार एकर गेले की गेले. आणि सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, ती इथल्याच दवाखान्यांत चालते. परदेशात त्या वयाला नवी आरोग्य पॉलिसी मिळवणं अवघड आणि महाग. साठीतच नीट राहावं, सत्तरीत परत यावं, असा हिशेब काही घरांनी करायला हरकत नाही.

म्हणून ज्यांना जायचंच आहे त्यांनी पहिलं वर्ष असं घालवावं: अक्कलकोटचं घर विकायचं नाही, भाड्यानंही पूर्ण द्यायचं नाही, एक खोली आपल्या कुलपाखाली ठेवायची. थंडीचे तीन महिने तिकडे जायचं, हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात. स्वतः भाजी आणायची, स्वतः दवाखान्यात जायचं, मशिदीत शेजारच्याशी सलामच्या पुढे दोन वाक्यं बोलता येतात का बघायचं. परत आल्यावर महिनाभर तिकडचं नाव काढायचं नाही. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, परत जायचं की नाही, आणि आधी बायकोचा कागद उघडायचा.